भरलेलं बॅरल

म्हाळसाबाईंचा गळा कुणी आवळला, हे पोलिसांना अजून कळलं नव्हतं. पण रेवणकृपा सोसायटीला ते गुरुवारी दुपारच्या जेवणाआधीच कळलं होतं. आणि एकदा नव्हे, चारदा कळलं होतं. चारही वेळा माणूस वेगळा निघाला, एवढीच काय ती अडचण.

सकाळी सात वाजता दूधवाल्यानं चौदा नंबरचं दार नुसतं लोटलेलं पाहिलं, आत डोकावला आणि किटली तिथंच टाकून बोंबलत बाहेर आला. म्हाळसाबाई अडुसष्ट वर्षांच्या, एकट्या राहायच्या, मुलगा हैदराबादला. स्वयंपाकघरात पडल्या होत्या. गळ्याभोवती टॉवेल, हातातल्या पाटल्या गायब. पोलीस यायला साडेनऊ झाले. तेवढ्या वेळात विजापूर रोडच्या मागच्या या चाळीस घरांतला प्रत्येक पुरुष तपास अधिकारी होऊन बसला. पंचनामा करून, घराला सील ठोकून पोलीस गेले आणि यांनी गणपतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या. यातल्या निम्म्यांना स्वतःचा चष्मा कुठं ठेवलाय हे बायकोला विचारावं लागतं. खुनी मात्र त्यांना चपलेच्या मापासकट दिसत होता.

शेडसमोरच पंधरा नंबरच्या पायरीवर ऋतुजा बसली होती. तीन वर्षांच्या आरोहीला तिनं मांडीत इतकं घट्ट धरलं होतं, की पोर कुरकुरायला लागली होती. नवरा जोतीराम औषध कंपनीत. महिन्यातले वीस दिवस लातूर-नांदेडकडे फिरतीवर. म्हाळसाबाईंचं स्वयंपाकघर आणि ऋतुजाची झोपायची खोली यांच्यामध्ये नऊ इंचांची एक भिंत होती. पलीकडं बाई मरत होती तेव्हा अलीकडं आरोही भिंतीला पाय लावून झोपली होती. सकाळपासून हा एकच विचार ऋतुजाच्या डोक्यात फिरत होता. त्यामुळं शेडमधली बडबड मूर्खपणाची आहे हे कळत असूनही तिला तिथून उठवत नव्हतं. न जाणो, एखाद्याच्या तोंडून खरं निघालं तर?

"टॉवेल बघितला का?" किराणा दुकानवाले शिवानंद म्हणाले. पोलिसांनी त्यांना पंच म्हणून आत नेलं होतं, तेव्हापासून त्यांचा आवाजच बदलला होता. "सोलापुरी टॉवेल. म्हंजे माणूस सोलापूरचाच. हौदु?" अक्कलकोटकडचा माणूस, घाईला आला की कानडीत होकार भरायचा.

"अण्णा, देशातले अर्धे टॉवेल सोलापुरीच असतेत," सावित्रम्मा म्हणाल्या. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही मागावरचं, विणकराचं. टॉवेलाच्या बाबतीत त्यांच्यापुढं कुणी तोंड उघडू नये. "तुमच्या हिशोबानं दिल्लीतला खूनबी आपणच केला म्हनायचं की."

"थट्टा बास," सयाजीकाका म्हणाले. हे तेरा नंबरचे, म्हणजे म्हाळसाबाईंच्या दुसऱ्या बाजूचे. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झाले होते; बत्तीस वर्षं न्यायाधीशांच्या खाली बसल्यामुळं न्याय आपल्या अंगात उतरलाय अशी त्यांची समजूत होती. "पद्धतशीर जाऊ. दार फोडल्यालं न्हाय. म्हंजे वळखीचा. वेळ पहाटंची. म्हंजे रातपाळीवरनं येणारा. माझं बोट कोपऱ्यावरच्या खोल्यांतल्या एमआयडीसीच्या पोरांकडं हाय."

त्या पोरांच्या स्पीकरवरून काकांचं त्यांच्याशी गणपतीपासून वाकडं होतं, हा अर्थात योगायोग. शिवानंदांना खुनी दिसला तो त्यांच्या दुकानासमोर भाजीची गाडी लावणाऱ्यात. तिसऱ्याला आपला भाडेकरू दिसला, चौथ्याला आपला साडू. ज्याचा त्याचा खुनी ज्याच्या त्याच्या अंगणातून निघत होता.

"आणि ध्यानात ठेवा," सयाजीकाका म्हणाले, "पोलीस येईस्तवर मागच्या दाराला मी एकटा पहाऱ्याला हुतो. पुराव्याला कुणाचा हात लागू दिला न्हाय. तुमी सगळी पुढं गर्दी करून हुता, नुसती बघ्याची."

'काय ही माणसं,' ऋतुजाला वाटलं. ती मानसशास्त्रात बी. ए. झाली होती. तिसऱ्या वर्षाला गुन्हेगारी मानसशास्त्राचा पेपर होता, त्यात चौऱ्याहत्तर पडले होते. गुन्ह्याची जागा माणसाच्या सवयी सांगते, असं त्यांच्या मॅडम सांगायच्या. आणि या सगळ्या शहाण्यांना न दिसलेली एक गोष्ट ऋतुजाला दिसली होती.

म्हाळसाबाईंच्या मागच्या अंगणात पाण्याचं निळं बॅरल होतं. सोलापुरात नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं, आणि येतं तेही मेहरबानी केल्यासारखं, पाऊण तास. मंगळवारी आलं होतं, आता शनिवारी येणार. म्हाळसाबाई आधी घागरी-कळशा संपवायच्या. बॅरल शेवटच्या दिवसाला राखून ठेवायच्या. त्याचं झाकण फुटून दोन वर्षं झाली होती, म्हणून दिवसभर काठी घेऊन कावळे हाकलायच्या. मंगळवारी ते बॅरल काठोकाठ भरलेलं ऋतुजानं स्वतः पाहिलं होतं. आणि गुरुवारी, पोलीस घरात वावरत असताना गच्चीवरून पाहिलं, तर तळाला घोटभर नाही. शिवानंदांनीही पंच म्हणून ते पाहिलं होतं, पण त्यांचं सगळं लक्ष टॉवेलात.

आरोहीला दुपारी झोपवल्यावर ऋतुजानं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'खुनी सोलापूरचा नाही. त्यानं घर धुण्यासाठी अख्खं बॅरल रिकामं केलं. सोलापूरचा माणूस एक वेळ जीव घेईल, पण पाण्याला दोन दिवस असताना भरलेलं बॅरल ओतून देणार नाही. हा माणूस जिथं पाणी मुबलक आहे अशा भागात वाढलेला आहे.'

पाच मिनिटांत एकतीस अंगठे उमटले. सयाजीकाकांनी लिहिलं, 'वहिनी, तुम्ही पोलिसात पाहिजे होता.' शिवानंदांनी हात जोडलेली सहा चित्रं पाठवली. आणि खरं सांगायचं तर, एवढ्या भीतीच्या मधोमध ऋतुजाला बरं वाटलं. लग्नानंतर पाच वर्षांत तिच्या डिग्रीची आठवण कुणाला पहिल्यांदाच झाली होती.

शुक्रवारी सकाळी हा तपास तिच्याशिवाय पुढं सरकला.

पाणी मुबलक असलेला भाग कुठला? पुणे म्हणावं, तर एप्रिलच्या या उन्हात पुण्याचा माणूस सोलापुरात कशाला येतोय, मरायला? कोकण फारच लांब. मग कुणाला तरी उजनी आठवली. धरणाच्या बॅकवॉटरची गावं. तिथं ऊस काय, केळी काय, पाण्यात मोटारी सोडून बसलेली माणसं! पाणी म्हणजे त्यांच्या घरचंच. आता आपल्या सोसायटीत बॅकवॉटरचं कोण आहे बरं?

फार शोधावं लागलं नाही. करमाळा तालुक्यातलं, बॅकवॉटरच्या काठावरचं गाव हे ऋतुजाचं माहेर. आणि तिचा धाकटा भाऊ अभिमन्यू फेब्रुवारीपासून तिच्याकडंच राहत होता. चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागला होता, आणि जोतीराम फिरतीवर असला की ताईला सोबत व्हायची.

अभिमन्यूच्या नावावर एक गुन्हा आधीच जमा होता. आल्या आल्या पहिल्याच पाण्याच्या दिवशी त्यानं दारात मोटारसायकल उभी करून तिच्यावर पाइप सोडला होता. सगळी गल्ली बाहेर आली होती. कुणी गाडीला तुपानं आंघोळ घालत असावं तशा बायका तोंडावर हात ठेवून बघत होत्या. म्हाळसाबाई फाटकातून ओरडल्या होत्या, "अरं ए कर्णा! दानधर्म आवर तुझा, न्हाय तर तुझ्या बहिणीला तेराव्याला पाणी मिळायचं न्हाय." पोरगं लाजून लाल झालं होतं. त्यानंतर दर पाळीला म्हाळसाबाईंचं बॅरल तोच भरून द्यायचा. आणि नुसतं त्यांचंच नाही. रेवणकृपातल्या प्रत्येकानं नळाला चोरून मोटार जोडलेली होती, आणि ती मोटार दर पाण्याला रुसायची. तिचा नुसता आवाज ऐकून अभिमन्यू दुखणं सांगायचा. 'अभ्या, जरा मोटार बघ की' हे चौथ्या दिवसाचं सगळ्या गल्लीचं भजन होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ऋतुजा शेंगदाणे आणायला गेली, तर शिवानंदांनी पुडी बांधून तिच्याकडं न बघताच दिली. परतताना सावित्रम्मांनी तिला फाटकापाशी अडवलं.

"ऋतुजाम्मा, तुला कुणी सांगनार न्हाई म्हणून मी सांगते. सयाजीनं अर्ज लिवलाय पोलिसाला. तुझ्या भावाचं नाव हाय."

"कशात नाव?"

"खुनात."

सावित्रम्मांनी फोनमध्ये अर्जाचा फोटो दाखवला. अर्ज तीन पानी होता, सव्वीस सह्या होत्या. कोर्टातल्या भाषेत लिहिलं होतं: सदर इसम हा पाण्याचा अपव्यय करण्याच्या सवयीचा असून, मयताशी त्याची पूर्वी शाब्दिक चकमक झाली असून, मयताच्या घरात त्याचे सदर बॅरल भरण्याच्या निमित्ताने येणे-जाणे असून. आणि दुसऱ्या पानावर, ठळक अक्षरात: 'सोसायटीतील मानसशास्त्राच्या पदवीधर सौ. ऋतुजा यांनीही आपल्या अभ्यासपूर्ण निरीक्षणात हेच मत नोंदविले आहे.' खाली तिचा मेसेज, शब्दन् शब्द.

"उद्या चार वाजता शेडमध्ये वाचनार, मग पोलीस स्टेशनला नेनार," सावित्रम्मा म्हणाल्या. "मी सही केली न्हाई हां. मला मराठी वाचाया येळ लागतो म्हनले."

अभिमन्यू कामावरून आला तेव्हा आरोही धावत जाऊन त्याच्या गुडघ्याला बिलगली. ऋतुजानं त्याला चहा दिला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यानं कप न उचलता तसाच बाजूला सारला. कंपनीत त्याची कायमची ऑर्डर पंधरा दिवसांवर आली होती. पोलीस स्टेशनातून साहेबांना एक फोन गेला असता, तरी गेटवर उभ्या असलेल्या पन्नास पोरांतलं दुसरं कुणी त्या जागेवर बसलं असतं. बुधवारी त्याची सुट्टी होती. रात्रभर तो पुढच्या खोलीत झोपला होता, हे सांगणारी होती फक्त बहीण.

"ताई, ते तू लिहिलंस?"

"मी तुझं नाव कुठं लिहिलं होतं?"

"नाव न्हाय लिहिलंस," तो म्हणाला. "गाव लिहिलंस की."

ऋतुजानं त्याच्या गुडघ्याला बिलगलेल्या आरोहीला उचलून कडेवर घेतलं.

"मी जाऊ का गावाकडं? चार दिवस?"

"अजिबात नाही. पळाला म्हणतील." आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण यात अर्धी भीती त्याची होती आणि अर्धी तिची. तो गेला असता तर त्या नऊ इंचांच्या भिंतीशेजारी ती आणि आरोही दोघीच उरल्या असत्या, आणि खरा माणूस अजून बाहेरच होता. शेडमधल्या सव्वीस शहाण्यांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांचा खुनी सापडला होता. आता ते सुखानं दार उघडं टाकून झोपणार होते.

शनिवारी दुपारी आरोहीला भात भरवायचा होता. ही पोर दोन दिवस एकाच अटीवर घास घेत होती: "काऊ लाव." काऊ म्हणजे गुरुवारी सकाळचा व्हिडिओ. खाली रडारड सुरू झाली तेव्हा पोरीच्या नजरेला काही पडू नये म्हणून ऋतुजा तिला घेऊन गच्चीवर गेली होती. तिथं आरोही कशाला तरी हसून टाळ्या वाजवायला लागली, म्हणून तिनं ते टिपलं आणि 'आम्ही ठीक आहोत, काळजी करू नको' असं लिहून गावाकडं आईला, रंभाबाईला पाठवलं. तेव्हा तिचं सगळं लक्ष पोरीवर आणि पोरीच्या मागच्या कठड्यावर होतं. त्यानंतर तो व्हिडिओ तिनं वीस वेळा तरी लावला असेल आणि एकदाही पाहिला नसेल. घास भरवणाऱ्या आईची नजर ताटावर असते.

"काऊ पानी पितो," आरोही म्हणाली.

ऋतुजाचा हात थांबला. तिनं फोन उचलला. आरोहीच्या खांद्यामागं, खाली, म्हाळसाबाईंचं अंगण. निळं बॅरल. त्याच्या कडेवर कावळा बसला होता. निवांत चोच बुडवायचा, मान वर करायचा, परत बुडवायचा. त्याला नुसतं वाकावं लागत होतं, इतकं पाणी काठाला होतं. काठी घेऊन हाकलणारं कुणी उरलं नव्हतं.

आईला पाठवल्याची वेळ होती सात बावन्न. दूधवाला ओरडला सातला. खुनी तेव्हा कधीच पसार झाला होता, आणि बॅरल भरलेलं होतं.

मग एकामागून एक गोष्टी तिच्या अंगावर यायला लागल्या. घर धुतलं म्हणे! काय धुतलं? टॉवेलानं गळा आवळलेला. रक्ताचा थेंब नव्हता. चौऱ्याहत्तर मार्क मिळवणाऱ्या बाईला हे सुचलं नव्हतं, आणि एकतीस अंगठ्यांपैकी एकालाही नाही. पोलीस येईपर्यंत सगळे पुढच्या दाराला. मागच्या दाराला एकटे सयाजीकाका, पुराव्याचे राखणदार. आणि काल सकाळी त्यांच्या तारेवर पाच चादरी निथळत होत्या. पाच! जाडजूड सोलापुरी चादरी, एकेक धुवायची तर दोन बादल्या लागतात. पाण्याच्या तिसऱ्या दिवशी या गावात माणूस तोंड धुतानासुद्धा विचार करतो. काकांच्या बायकोनं, विजयमालाकाकूंनी धुतलेल्या त्या चादरी ऋतुजानं पाहिल्या होत्या, आणि 'विजयमालाकाकूंना बाई पाणी पुरवता येतं, आपल्यालाच जमत नाही' असं म्हणून स्वतःलाच नावं ठेवली होती.

चार वाजता शेड भरलं. सयाजीकाकांनी चष्मा लावला, घसा खाकरला आणि 'मेहेरबान' पासून सुरुवात केली. अभिमन्यू खांबाला टेकून खाली मान घालून उभा होता. दुसऱ्या पानावर ऋतुजाचं नाव आलं, तशी ती उठली.

"काका, एक मिनिट. त्या अभ्यासपूर्ण निरीक्षणात चूक आहे. माझीच आहे, मीच दाखवते."

तिनं फोन शिवानंदांच्या हातात दिला. माणसं वाकली, डोकी डोक्यांवर आपटली. व्हिडिओतली आरोही हसली.

"आँ? कावळा पाणी पितोय की," शिवानंद म्हणाले.

"वेळ बघा, अण्णा. गुरुवार, सकाळी सात बावन्न."

"सात बावन्न. आणि साडेनवाला मी पोलिसासंगं गेलो, तवा तर कोरडं ठणठणीत..." त्यांनी वर पाहिलं. टॉवेलावरून त्यांचं लक्ष दोन दिवसांनी पहिल्यांदाच हललं होतं. "मग पाणी गेलं कुटं?"

"मागच्या दाराला पहाऱ्याला कोण होतं?"

सगळ्या माना तेरा नंबरकडं वळल्या. सयाजीकाकांनी कागद खाली घेतला.

"म्हंजे मी खून केला म्हणायचं हाय का तुला?"

"खून नाही हो काका. पाणी. भिंतीवरनं पाइप टाकून."

कुणीतरी खुदकन हसलं. सयाजीकाका काही बोलणार तोच मागच्या रांगेतून विजयमालाकाकू उसळल्या, "अगं मग काय झालं? त्या बिचारीला आता पाणी काय करायचं हुतं? घराला सील लागल्यावर त्यात किडंच पडलं असतं की! मीच म्हनलं ह्यास्नी, पाणी हाय तवर..."

"तू गप बस!"

ऋतुजाला वाटलं, संपलं. आता निदान कुणीतरी 'चुकलं' म्हणेल. सव्वीसातला एक तरी.

सयाजीकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ठीक हाय. पाण्याचा मुद्दा वगळू. बाकीचे मुद्दे हायतच की."

"कुठले बाकीचे?"

"ते... ते वाचून बघावं लागंल. आन् मुख्य म्हंजे सह्या झाल्यात. सह्या झालेला अर्ज असा मागं घेता येत न्हाय, त्याची एक पद्धत असती. संशय असला तर पोलीस बघतील. निर्दोष असला तर सुटंल की. भ्यायचं कारण काय?"

"व्हय, ते बी खरं हाय," मागून एक सही म्हणाली. "सुटंल की," दुसरी म्हणाली. सह्या परत घ्यायच्या म्हणजे आपण मूर्ख ठरलो असं लिहून देण्यासारखं होतं. त्यापेक्षा दुसऱ्याच्या पोराला चौकीत बसवणं सोपं. ऋतुजानं एकेका तोंडाकडं पाहिलं. या प्रत्येकाच्या मोटारीत तिच्या भावाचा हात कोपरापर्यंत जाऊन आला होता.

इतक्यात कोपऱ्यावरून आरोळी आली: "पाणी आलं ऽऽ!"

खुर्च्या उलट्या पडल्या. खुनी, मयत, कायदा, सगळं जागच्या जागी टाकून रेवणकृपा सोसायटी घराकडं धावली. सयाजीकाकांनी अर्ज खिशात कोंबला आणि साठी उलटलेल्या माणसाला न शोभेल अशा चपळाईनं कुंपणावरून उडी मारली. शेडमध्ये उरले ते बहीण-भाऊ.

"ताई, पाइप लावतो," अभिमन्यू म्हणाला.

तो बॅरल भरत असताना ती बादल्या सरकवत राहिली. गल्लीतल्या मोटारी एकदम गुरगुरायला लागल्या होत्या. त्यातली एक मात्र घसा सुकल्यासारखी किंचाळत होती. अभिमन्यूनं तो आवाज ऐकला आणि दात दुखावा तसा चेहरा केला. दोन मिनिटांत विजयमालाकाकू पळत फाटकाशी आल्या.

"अभ्या! ए अभिमन्यू बाळा! मोटारीनं हवा धरली रं! पाणी उचलंना. घरात थेंब न्हाय, ये की लवकर!"

अभिमन्यू पाइप टाकून निघालासुद्धा. ऋतुजानं त्याचं मनगट धरलं.

"काकू, अर्ज."

"कसला गं अर्ज?"

"काकांच्या खिशातला."

"अगं बाई, पाणी चाललंय! ते अर्जाचं नंतर बघू की."

"नंतर पाणी बुधवारी येतं, काकू."

काकूंनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू ही शिकलेली, गरीब गाय वाटणारी पोरगी आज पहिल्यांदाच दिसतेय. मग वळून ओरडल्या, "अहो ऽऽ! आणा तो कागद!"

सयाजीकाका आले, धोतराचा सोगा भिजलेला, कपाळावर घाम. "ही अडवणूक हाय," ते म्हणाले. "ह्याला कायद्यात शब्द हाय."

"असेल. तिन्ही पानं द्या."

तिनं पानं मोजली, सह्या पाहिल्या, आणि कागद पायाशी असलेल्या बादलीत दाबून धरला. शाई निळी होऊन वर आली.

"आता ग्रुपवर लिहा. बॅरलचं पाणी कुणी घेतलं ते."

"ऋतुजा, अगं माणसाची काही इज्जत..."

मोटार आणखी वरच्या पट्टीत किंचाळली. "काका, जळंल ती," अभिमन्यू न राहवून म्हणाला. सयाजीकाकांनी ओल्या बोटांनी फोन काढला. 'कै. म्हाळसाबाई यांच्या बॅरलमधील पाणी आमच्याकडून नजरचुकीने घेतले गेले. सबब अर्ज रद्द समजावा.' अख्खं बॅरल, भिंतीवरून, नजरचुकीनं. ऋतुजानं वाचलं आणि मनगट सोडलं.

"ताई, तांब्याभर पाणी दे. मोटारीत ओताया लागंल," तो म्हणाला. काकूंच्या घरचं सगळं पाणी त्या पाच चादरींनी पिऊन टाकलं होतं. तिनं आपल्या बॅरलमधून तांब्या भरून दिला. मोटार बंद करून, तिच्या तोंडात पाणी ओतून त्यानं कळ दाबली. किंचाळी थांबली, घशात पाणी आलं आणि मोटार नीट गुरगुरायला लागली.

"इतकं मन लावून करायची काय गरज होती?" तो परतल्यावर ती म्हणाली.

"जळाली असती, ताई." त्यानं हात पुसले. "मोटारीचा काय दोष?"

रविवारी सकाळी ऋतुजा आरोहीला कडेवर घेऊन एकटीच पोलीस स्टेशनला गेली. मागच्या दाराशी माणूस वावरला होता, पाइप टाकला होता, ठसे पुसले असतील. हे त्यांना कळायला हवं होतं. हवालदारानं व्हिडिओ पाहिला, नाव-पत्ता लिहून घेतला, आरोहीला एक बिस्कीट दिलं.

"पण त्या रिकाम्या बॅरलवरून तुम्ही काही..." तिनं विचारलं.

"कुठलं बॅरल?" तो म्हणाला. "अहो ताई, एप्रिलात सोलापुरातलं बॅरल रिकामं, हा काय पुरावा हाय का? आमच्या घरीबी रिकामंच हाय."

ती परत आली तेव्हा ग्रुपवर नवा तपास रंगला होता. कावळा पाणी पीत होता, म्हणजे बाईंचा आरडाओरडा झाला नव्हता, म्हणजे खुनी अगदी घरातलाच, असं शिवानंदांनी मांडलं होतं. एकवीस अंगठे. हैदराबादच्या मुलाचा फोटो कुणीतरी शोधून टाकला होता. खाली सयाजीकाका: 'मला पहिल्यापासून शंका होती.'

ऋतुजाचं बोट अक्षरांवर गेलं. कावळ्याचा आणि आरड्याओरड्याचा संबंध काय, हे तिला चार ओळींत सांगता आलं असतं. पन्नासेक अंगठे मिळाले असते. तिनं बोट मागं घेतलं आणि ग्रुप सोडला.

मग तिनं मागचं दार लावलं, कडी ओढून पाहिली, पुन्हा एकदा ओढून पाहिली, आणि आरोहीचं अंथरूण नऊ इंचांच्या भिंतीपासून उचलून पुढच्या खोलीत, मामाच्या शेजारी घातलं. सावित्रम्मांचा फोन आला तेव्हा ती चादर झटकत होती.

"ऋतुजाम्मा, तू ग्रुप का सोडली म्हनून शेडमदी बसलेत बघ सगळे," त्या म्हणाल्या. "दोन कारनं निघालेत आत्तापत्तर."